500 रुपयांत तीन रविवार, पंखा सोडला तर पैसे वसूल

नाशिकला गंगापूर रोडला एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर रविवारी संध्याकाळी सिनेमे दाखवतात, तीन रविवारचा पास 500 रुपये, चहा वेगळा. यावेळी जॉन सेल्स ह्या अमेरिकन डायरेक्टरचे सिनेमे होते. खरं सांगायचं तर मी नाव पण ऐकलं नव्हतं, मित्राकडे एक पास जास्तीचा होता म्हणून गेलो.

आधी वैतागाचं सांगून टाकतो. पंखा लावला की डायलॉग ऐकू येत नाहीत आणि बंद केला की डास. पहिल्या दिवशी तर सबटायटल्स पुढेच पळत होती, पडद्यावरचा माणूस बोलायच्या आधी आमचं हसून झालेलं.

पण सिनेमे निवडणाऱ्याला मानलं बुवा. सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं बोलतो, बोअर न करता. हा सेल्स सुरुवातीला रॉजर कॉर्मन ह्या स्वस्तात पिक्चर काढणाऱ्या प्रोड्यूसरसाठी स्क्रिप्ट लिहायचा, 1978 चा पिरान्हा म्हणजे तो माणसं खाणाऱ्या माशांचा पिक्चर त्यानेच लिहिलाय, आणि अशा लिखाणाचे पैसे साठवून स्वतःचा पहिला सिनेमा काढला, ज्यात कॉलेजचे जुने मित्र वीकेंडला एका घरात जमतात आणि नुसत्या गप्पा मारतात. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी बायकोचे दागिने गहाण टाकले, ह्याने मासे विकले म्हणा! पुढे पण तेच, दुसऱ्यांसाठी लिहायचं आणि कमाई स्वतःच्या सिनेमात घालायची, एडिटिंग पण बऱ्याचदा स्वतःच.

दुसऱ्या रविवारी मेटवान, 1987 चा. 1920 साली वेस्ट व्हर्जिनियात कोळसा खाणीत संप, कंपनी तो मोडायला बाहेरून काळे आणि इटालियन कामगार आणते आणि युनियनचा माणूस म्हणतो ह्यांनाही आपल्यात घ्या. माझे वडील सातपूरला कंपनीत होते, संपात गेटवर बदली कामगार आले तेव्हाच्या गोष्टी लहानपणी इतक्यांदा ऐकल्यात की त्या मीटिंगच्या सीनला मी चहा हातात धरून तसाच बसलो, गार झाला. फोटोग्राफी हॅस्केल वेक्सलरची, तिला ऑस्कर नॉमिनेशन होतं, पण खाणीतले अंधाराचे सीन ह्यांच्या प्रोजेक्टरवर नुसते काळे दिसतात, ते घरी परत बघावे लागणार.

तिसरा लोन स्टार, 1996. टेक्सासच्या बॉर्डरवरचा शेरीफ जुना खून उकरून काढतो, एवढंच सांगतो. कट न मारता कॅमेरा जरा बाजूला सरकतो आणि आपण डायरेक्ट चाळीसेक वर्षं मागे, त्याच टेबलाशी! पब्लिकने तो तुकडा परत लावायला लावला आणि त्यांनी लावला पण, थिएटरात कोण लावणार? ॲक्टर क्रिस कूपर मेटवान आणि लोन स्टार दोन्हीत आहे, मेटवान त्याचा पहिलाच सिनेमा.

पुढच्या महिन्याचा पास काढलाय, यावेळी स्वतःच्या पैशाने. जाणार असाल तर लवकर जा आणि स्पीकरजवळची खुर्ची पकडा, ओडोमॉस लावून.