मांडवीत घडणारा रोमन देव्हारा: काय घ्यावे आणि काय बदलून मागावे

बडोद्यात मांडवीच्या मागल्या गल्लीत पितळकामाचा एक लहानसा कारखाना आहे. तिथे रोमन घरगुती देव्हाऱ्याचा, म्हणजे लारारियमचा, पूजेचा संच मागणीप्रमाणे करून मिळतो. आठ नग, साडेचौदा हजार रुपये. निम्मे पैसे आधी द्यायचे, मुदत तीन आठवड्यांची. लग्नसराईत पाच आठवडे धरून चाला. संचात लाकडी देव्हारा, लारेस या घरदेवांच्या मूर्तींची जोडी, पातेरा ही अर्घ्याची तबकडी, गुतुस हे ओतायचे भांडे, धुपाटणे, धुपाची डबी, मातीचा दिवा आणि मिठाचे भांडे एवढे येते. सोबत धुपाची पुडी, मोला साल्सा या मीठ मिसळलेल्या पूजेच्या पिठाची पुडी आणि तिथींचे छापील कार्ड मिळते.

प्राचीन रोमन धर्म पुन्हा आचरणारी माणसे आता अनेक देशांत आहेत. अमेरिकेत १९९८ साली ‘नोवा रोमा’ ही संस्था निघाली, इटलीतही असे गट आहेत. या धर्मात श्रद्धेच्या कबुलीपेक्षा कृती नेमकी होण्याला महत्त्व आहे. विधीत चूक झाली तर तो पहिल्यापासून पुन्हा करायचा, ही जुनी रीत. म्हणून भांडे दिसायला छान असून भागत नाही, ते हातात नीट चालले पाहिजे.

असा संच पारखायचा कसा? सम्राट थेओदोसियुसने इ.स. ३९२ मध्ये जुन्या पूजेवर बंदी आणली. त्या कायद्यात घरगुती उपासनेच्या तीन गोष्टी नावानिशी आहेत: लारला अग्नी, गेनियुसला मद्य, पेनातेसना सुगंध. बंदी घालणाऱ्यानेच पूजेची यादी जपून ठेवली. लार म्हणजे घराचा राखणदार (अनेक असले की लारेस), गेनियुस म्हणजे कर्त्या पुरुषाची जीवनशक्ती, पेनातेस म्हणजे कोठीचे देव. अग्नी, मद्य आणि सुगंध या तिन्हींना संच कसा उतरतो ते पाहू. मद्याच्या भांड्यांत कारागिराने कमाल केली आहे. अग्नी आणि सुगंध जिथे येतात तिथे मात्र चुका आहेत.

पातेरा हा या संचातला सर्वोत्तम नग. सोळा सेंटिमीटर व्यासाची, बिनकानाची उथळ तबकडी, मधे बोराएवढा उंचवटा. हा उंचवटा शोभेचा नाही. खालून तो पोकळ असतो. मधले बोट त्या खळगीत टेकवायचे, अंगठा काठावर ठेवायचा, की तळहात वर ठेवून एका हाताने ओतता येते. इथे खळगी बरोबर बोटाच्या पेराएवढी आहे. घेताना पन्नास मिलिलिटर पाणी घालून तबकडी सावकाश कलती करून पाहा. पाणी काठावरून सरळ धारेने पडले तर काठ बरोबर. ते काठाखालून पाठीकडे ओघळत आले तर काठाला धार नाही, परत द्या. तपासलेल्या तीन पातेरांपैकी दोन पास झाल्या.

पातेराला आतून कल्हई आहे, आणि ती हवीच. द्राक्षाचा रस किंवा आंबूस दूध उघड्या पितळेला लागले की तांबे उतरते. घासताना मात्र चिंच-मीठ अजिबात लावू नका, आंबटाने कल्हईचा थर जातो. रिठ्याचे पाणी आणि मऊ फडके पुरते. गुतुस हे अरुंद गळ्याचे, थेंबाथेंबाने ओतायचे भांडे. तेही चांगले उतरले आहे, फक्त त्यात दूध राहू देऊ नका. गळ्यात हात जात नाही, म्हणून मूठभर तांदूळ आणि गरम पाणी घालून खळखळून धुवा.

मद्याचे काय करायचे, हा बडोद्यात खरा प्रश्न आहे. गुजरातेत दारूबंदी आहे, परवान्याशिवाय वाइन घरात ठेवता येत नाही. त्यावर तोडगा रोमन परंपरेतच आहे. रोमचा संस्थापक रोम्युलुस देवांना वाइनने नव्हे तर दुधाने अर्घ्य देई, असे रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे. तेव्हा दूध ही तडजोड नव्हे, ती जुनी रीतच आहे. ताजे, न तापवलेले गाईचे दूध दोन चमचे पुरे. काळ्या द्राक्षांचा ताजा रसही चालतो, पण तो त्याच दिवशी काढून त्याच दिवशी वापरा. बंद बाटलीत ठेवलेला रस इथल्या उन्हाळ्यात एका रात्रीत फसफसायला लागतो. मग देवापुढे काय ठेवले आणि कायद्यापुढे काय आले, दोन्हींचा घोळ. अर्पण केलेले दूध कुंडीत तसेच ओतले तर मुंग्या येतात आणि माती कुबट होते. चौपट पाणी मिसळून झाडाच्या मुळाशी घाला.

आता धुपाटणे. घाट अचूक आहे: तीन पाय, रुंद तोंड, जाड पत्रा. चूक एकच, पण मोठी. कारागिराने पातेराप्रमाणे यालाही आतून कल्हई केली. कथील २३२ अंशांना वितळते आणि पेटता कोळसा त्याच्या दुपटीपेक्षा कितीतरी जास्त तापतो. पहिल्याच वेळी आतला पांढरा थर सुटतो, त्याचे चंदेरी मणी होऊन तळाशी घरंगळतात, खालचे पितळ डागाळते. मागणी देतानाच ‘धुपाटण्याला आतून कल्हई नको’ असे सांगा, तेवढे ऐकतात. कल्हई झालेले धुपाटणे आधीच घरी आले असेल तर तळाशी दोन सेंटिमीटर कोरडी बारीक वाळू पसरा आणि कोळसा तिच्यावर, मध्यभागी ठेवा. कल्हई नसली तरीही वाळू घालाच. तिच्यामुळे तळ तापत नाही आणि खालचे फळीचे लाकूड वाचते. पटकन पेटणाऱ्या तयार वड्यांत सोरा असतो. त्यांचा पहिला धूर धुपात मिसळू देऊ नका, वडीवर राख धरली की मगच खडे टाका. करवंटीचा कोळसा त्याहून बरा. खिडकी उघडी असावी.

सोबतची धुपाची पुडी बाजूला ठेवा. तिच्यावर ‘लोबान’ लिहिले आहे आणि आत आहेही लोबानच: तपकिरी ढेकळांत पांढरे खडे, जाळल्यावर व्हॅनिलासारखा गोडसर वास. रोमन लोक जाळत तो धूप, म्हणजे तुस, दक्षिण अरबस्तानातून येई. तो वेगळ्या झाडाचा डिंक, त्याला लिंबाची आणि चिराच्या लाकडाची छटा असते. आपल्याकडच्या सलईचा डिंक त्याच कुळातला. काष्ठौषधींच्या दुकानात कुंदरू किंवा सलई डिंक म्हणून मागा. अश्रूसारखे, फिकट पिवळे, वरून पिठूळ खडे निवडा. एका वेळेस हरभऱ्याएवढे दोन खडे पुरतात.

देव्हाऱ्याचे खांब लाखेच्या कातकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गुजरातेतल्या संखेड्याचे आहेत: सागाचे, कातीव, तांबड्या लाखेचे, वर सोनेरी वेल. पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहरात सापडलेल्या घरांमध्ये खांब आणि त्रिकोणी माथा असलेले लहान देवळासारखे लारारियम दिसतात. संखेड्याच्या कातकामात तो घाट फार सुरेख उतरला आहे. खांबावर बोट फिरवले तर सांधा कुठे लागत नाही. पण लाख उष्णतेने मऊ पडते. धुपाटणे माथ्याखाली ठेवले तर वरच्या पट्टीचा रंग चिकट होतो आणि त्यावर काजळी कायमची बसते. आतली उंची तीस सेंटिमीटरच आहे, त्यामुळे धुपाटणे आणि दिवा देव्हाऱ्याच्या पुढे, निदान एक हात अंतरावर ठेवा. माथ्याची आतली बाजू लाखेविना, नुसत्या तेलपाण्याची मागितली तर आणखी उत्तम.

खालच्या फळीवर साप रंगवला आहे. तो घराच्या जागेचा रक्षक, त्यामुळे तो हवाच. मात्र रंगाऱ्याने फणा काढलेला नाग काढला, फण्यावर दहाच्या आकड्यासह. रोमन भिंतींवरच्या सापाला फणा नसतो. त्याला डोक्यावर तुरा आणि हनुवटीला दाढी असते, आणि तो वेदीवरच्या अंड्यांकडे सरकत असतो. पॉम्पेईतल्या वेत्ती बंधूंच्या घरातल्या लारारियमचे चित्र मोबाइलवर दाखवा, रंगारी तसे हुबेहूब काढून देतो. त्याच चित्रात मधे डोक्यावरून वस्त्र घेतलेला गेनियुस आणि दोन्ही बाजूंना नाचणारे लारेस आहेत.

लारेस चौदा सेंटिमीटरचे, मेणाच्या साच्यातून ओतलेले. आखूड अंगरखा, चवड्यांवर उभी पावले, उंचावलेल्या हातात शिंग. चेहरे सौम्य आणि जिवंत आहेत. दोघेही एकाच साच्यातले, त्यामुळे दोघांचाही उजवाच हात वर आहे. जोडी एकमेकांचे प्रतिबिंब असली तर देव्हारा डोळ्यांना भरतो. त्यासाठी दुसरा साचा करावा लागतो, म्हणून बाराशे रुपये जास्त पडतात. पूजेला बाध येत नाही. पैसे जपायचे असतील तर इथे जपा.

दिवा कुंभाराकडून येतो. साच्याच्या दोन पाळ्या जोडून केलेला, वर तेलाचे भोक, पुढे नळी. जोडताना नळीच्या आत मातीचा गड्डा राहून जातो आणि वात आत सरकत नाही. वापरण्याआधी विणकामाची सुई अलगद फिरवून वाट मोकळी करा. मग दिवा तासभर पाण्यात भिजवा, बाहेरून कोरडा करा आणि त्यानंतर तेल घाला, नाहीतर पहिले तेल माती पिऊन टाकते. फुलवात इथे निरुपयोगी. चार पदरी पीळ दिलेली बोटभर लांब वात हवी, तिचे शेपूट पोटात तेलात पडले पाहिजे. तेल पाऊण भागच घाला. काठोकाठ भरलेले तेल तापून पातळ होते आणि वातीवरून नळीबाहेर ठिबकते. ऑलिव्हचे तेल परंपरेला धरून, तिळाचे तेल खिशाला धरून. ज्योत दोन्हींची चांगली असते.

मिठाचे भांडे पितळी दिले आहे, ते घेऊच नका. श्रावणात मीठ पाणी धरते आणि तळाला हिरवट गंज येतो. रोमन घरात मिठाच्या भांड्याला मोठा मान. फाब्रिकियुससारख्या साध्या राहणीच्या रोमन सेनानीकडेही चांदीच्या वस्तू दोनच होत्या म्हणतात, एक देवांची ताटली आणि दुसरे मिठाचे भांडे. मराठी घरात उष्टावणाची चांदीची वाटी असतेच. तीच वापरा, वापरून झाली की मीठ काढून वाटी पुसून ठेवा.

मोला साल्साची पुडी सर्वांत निराशाजनक. आत साध्या गव्हाचा रवा आणि आयोडीनचे मीठ आहे. खरे पीठ ‘फार’ या धान्याचे, आणि फार म्हणजे आपला खपली गहू. हा मोठाच योग आहे: चुलीची देवी वेस्ता हिच्या कुमारिका पुजारिणी मे महिन्यात ज्याची कणसे घेत, ते धान्य आपल्याकडे खिरीसाठी आणि पुरणपोळीसाठी सहज मिळते. खपलीचे टरफल मळणीत सुटत नाही, म्हणून रोमन लोक ती भाजून कांडत. भट्टीच्या देवीचा फोर्नाकालिया हा फेब्रुवारीतला सण त्यावरूनच आला.

घरी करायचे तर सडलेली खपली दोनशे ग्रॅम घ्या. लोखंडी कढईत मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा. आच मोठी झाली तर बाहेरून करपते, आतून कच्ची राहते आणि आठवड्यात पोरकिडे होतात. पूर्ण गार झाल्यावर खलबत्त्यात जाडसर कुटा. खडेमीठ कुटून लहान मडक्यात घाला, झाकण ठेवा, तडतड थांबेपर्यंत तापवा. ती तडतड म्हणजे खड्यात अडकलेले पाणी. ते गेले की मीठ ओलावा लवकर धरत नाही. चार चमचे पिठाला एक चमचा मीठ घालून काचेच्या बरणीत ठेवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच करा.

तिथींच्या कार्डावर विश्वास ठेवू नका. रोमन महिन्यात कालेंदे, नोने आणि ईदे असे तीन ठरलेले दिवस असतात. कार्डावर सगळ्या महिन्यांत नोने ५ तारखेला आणि ईदे १३ तारखेला छापली आहेत. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये त्या ७ आणि १५ तारखेला येतात. कालेंदे सगळीकडे पहिल्या तारखेला. घरच्या लारची पूजा या तीन दिवशी, आणि त्या दिवशी चुलीला हार घालावा असे रोमन लेखक कातोने शेतीवरच्या ग्रंथात सांगितले आहे. खंडेराव मार्केटातून देशी गुलाबाचा हार आणा. झेंडू अमेरिकेहून आलेला, रोमनांनी तो पाहिला नव्हता.

पूजेचा क्रम कार्डाच्या मागे छापला आहे आणि तो बरोबर आहे. हात धुवा, उपरणे किंवा पदर डोक्यावरून घ्या, प्रथम आरंभाचा देव यानुस याला हाक, मग लारेस आणि पेनातेस, शेवटी वेस्ता. धूप, दूध आणि चिमूटभर मोला साल्सा, सगळे उजव्या हाताने.

मागणी देताना लॅटिन नावे सांगून उपयोग नाही. ‘मधे टेकडी असलेली बिनकानाची रकाबी’ म्हटले की कंसारा लगेच ओळखतो. वर्षातून एकदा कल्हई पुन्हा करून घ्यावी लागते. संच त्यांच्याकडचा असेल तर त्याचे पैसे घेत नाहीत. त्या दिवशी पातेरा आणि गुतुस एवढेच न्या, धुपाटणे घरी ठेवा.