बाहेरच्या तापमानाचा सेन्सर: मल्टिमीटरने तपासायचा की स्कॅनरने?

भर उन्हात डॅशबोर्डवर उणे ४० दिसलं, तर बहुधा सर्किट कुठेतरी तुटलेलं असतं. हा सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरमागे असतो, काहींत बाजूच्या आरशात.

स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणाऱ्या उपकरणाने, सुरुवात सोपी. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू न करता बाहेरचं, इनटेकचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचं) आणि कूलंटचं तापमान शेजारी शेजारी पाहा. तिन्ही जवळपास सारखी हवीत. पण स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरला हा आकडा अनेकदा दिसतच नाही, कारण सेन्सर इंजिनच्या नव्हे, तर एसीच्या किंवा बॉडीच्या मॉड्यूलला (कंट्रोल युनिटला) जोडलेला असू शकतो.

मल्टिमीटर मात्र थेट सेन्सरलाच विचारतो. कनेक्टर काढून दोन पिनांवर ओहम मोजा. २५ अंशांना १० किलोओहमचा सेन्सर बर्फाच्या पाण्यात साधारण ३० किलोओहमच्या आसपास जायला हवा. आकडे गाडीगणिक बदलतात, म्हणून मॅन्युअल बघाच. इग्निशन चालू करून हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या) बाजूला दोन पिनांमध्ये साधारण ५ व्होल्ट मिळाले, तर निदान वायर तुटलेली नाही. पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवट गंज हमखास सापडतो. नवा सेन्सर घेण्याआधी हा गंज साफ करा.

एकच साधन घ्यायचं असेल तर मल्टिमीटर घ्या. नवा सेन्सर बसवल्यावर आकडा लगेच बदलला नाही तरी घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत तो थोडं अंतर चालवल्यावरच सुधारतो.