रुजू होण्याची तारीख ठरली; काम ठरलं का?

डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर बहुधा एकच ओळ असते: 'अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास हरकत नाही.' हात मोडला होता, टायफॉइड झाला होता, तर ती ओळ पुरते. नैराश्य, पॅनिक, बायपोलर (मन कधी अतिउत्साहात, कधी नैराश्यात जाणं) किंवा सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) यांनंतर परतणाऱ्याला ती पुरत नाही. मन थाऱ्यावर येतं, झोप लागायला लागते, पण एकाग्रता, लक्षात राहणं आणि पटकन निर्णय घेणं ही मंडळी मागून, रमतगमत येतात. माणूस हसतखेळत दिसतो आणि चार पानांचा रिपोर्ट तिसऱ्यांदा वाचूनही त्यातला आकडा त्याला सांगता येत नाही.

लांब रजेवरून परतणाऱ्यांचे प्लॅन बनवणं हे एचआरमध्ये माझ्याकडे आलेलं काम. मी मागितलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून आलं. खालची तुलना मुख्यतः मॅनेजर आणि एचआरवाल्यांसाठी आहे. रजेवर असलेल्या माणसानेही वाचावी, कारण यातले निम्मे पर्याय मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

एकदम की हळूहळू?

एकदम पूर्ण वेळ रुजू होण्याचे फायदे खरे आहेत. पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण, आणि 'ही अर्ध्या दिवसात कशी काय निघते' ही कुजबुज नाही. रजा दोन-तीन आठवड्यांचीच होती, त्रास सौम्य आणि पहिल्यांदाच झालेला, आणि माणूस स्वतः म्हणतोय की मला नेहमीसारखं येऊ द्या, तर उगाच त्याला तळहाताच्या फोडासारखं जपू नये.

रजा दोन महिन्यांच्या पुढे गेली की मी हळूहळूच्या बाजूने. जर्मनीत याला 'हॅम्बुर्ग मॉडेल' म्हणतात. दिवसाला थोड्या तासांपासून सुरुवात होते आणि तास वाढवत नेतात. पण त्या काळात माणूस कागदोपत्री आजारीच धरला जातो आणि आजारपणाचा भत्ता त्याला विम्यातून मिळत राहतो. त्यामुळे मालकाला 'अर्धं काम, पूर्ण पगार' अशी तक्रार करायला जागा नाही, आणि नाहीच जमलं तर माघार घेणं म्हणजे नापास होणं नाही. जिथे अशी सोय नाही तिथे तास कापले की पगारही कापला जातो. मग घर चालवण्यासाठी माणूस चौथ्याच आठवड्यात 'आता मी पूर्ण वेळ येतो' म्हणतो आणि आपण ती प्रगती समजतो. म्हणून प्लॅनमध्ये सगळ्यात वर पगाराचं काय ते लिहा. शिल्लक रजा अर्ध्या-अर्ध्या दिवसाने वापरता येईल का, हा साधा प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारलेलाच नसतो.

ब्रिटनमध्ये २०१० साली जुन्या 'आजारी आहे' दाखल्याच्या जागी नवा दाखला आला. त्यावर डॉक्टर 'काही बदल केले तर काम करू शकेल' असंही लिहू शकतो आणि चार प्रकारच्या बदलांवर खूण करू शकतो: टप्प्याटप्प्याने परतणं, वेळ बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं, जागेत फेरफार. तास हा चारांतला एक भाग. आपण मात्र बहुतेक ठिकाणी तास कापतो आणि हात झटकतो.

माझी चूक इथेच झाली होती. एका सहकारी बाईंचे तास मी निम्मे केले, छान तक्ता काढला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. महिन्याचं टार्गेट मात्र सिस्टिममध्ये होतं तेवढंच राहिलं. ते बदलायचा अधिकार माझ्याकडे नव्हता आणि ज्यांच्याकडे होता त्यांना मी विचारलं नाही. बाई चार तास ऑफिसात आणि चार तास घरी बसून काम करत होत्या. सहाव्या आठवड्यात पुन्हा रजेचा अर्ज आला. दुखणं उलटलं, असं सगळे म्हणाले. मी टार्गेटचा आकडा उघडून पाहिला आणि गप्प बसले.

तेव्हापासून कुणी 'हाफ डे दिलाय की' म्हणालं तर मी तिसऱ्या आठवड्यातला एक गुरुवार शेजारी शेजारी मांडून दाखवते.

नुसते तास कापलेला गुरुवार: दहा ते दोन. रजेच्या काळातल्या दोन हजार मेल अजून तशाच समोर. साडेदहाला टीम मीटिंग, तीन विषय आणि तिन्ही रजेत सुरू झालेले, म्हणजे अर्धं बोलणं डोक्यावरून. बारा वाजता चिडलेल्या ग्राहकाचा फोन. दोनला पर्स उचलली की 'जाता जाता एवढं बघ ना.'

कामही कापलेला गुरुवार: अकरा ते तीन, कारण रात्रीच्या गोळीची गुंगी दहापर्यंत उतरत नाही. जुन्या मेल एका सहकाऱ्याने आधीच चाळून पंचवीसच ठेवलेल्या. दिवसाला एकच काम, सुरुवात आणि शेवट असलेलं: एका करारातल्या तारखा आणि रकमा ताडून पाहणं. मीटिंगला यायचं तर या. नाहीतर मुद्दे चार ओळींत मिळतील. ग्राहकांचे फोन पाचव्या आठवड्यापर्यंत बंद. पावणेतीनला मॅनेजरशी दहा मिनिटं आणि प्रश्न दोनच: आज काय जड गेलं, उद्या काय कमी करू?

तास दोन्हीकडे चारच.

गोळ्यांवरून आठवलं, प्रत्येक दुखण्याला हा एकच साचा चालत नाही. बायपोलर असलेल्या माणसाचे तास कमी केले आणि पाळी फिरती ठेवली तर सगळं मुसळ केरात. झोपेचं चक्र मोडलं की मॅनियाचा, म्हणजे अतिउत्साहाचा, झटका येऊ शकतो. त्याला कदाचित पूर्ण आठ तास झेपतील, पण रोज त्याच वेळी, आणि रात्रपाळी नको. लिथियम हे बायपोलरवरचं औषध चालू असेल तर ठरावीक काळाने रक्ताची तपासणी असते. त्या सकाळची मोकळीक आधीच लिहून द्यावी, दर वेळी विनवणी करायला लावू नये.

जुनी खुर्ची की नवी?

जपानच्या सरकारने २००४ मध्ये मानसिक त्रासामुळे रजेवर गेलेल्यांना परत आणण्यासाठी कंपन्यांना पाच पायऱ्यांची मार्गदर्शिका दिली. पहिली पायरी रजा सुरू होते तेव्हाची आणि पाचवी रुजू झाल्यानंतरच्या देखरेखीची. म्हणजे रुजू होणं हा शेवट धरलेलाच नाही. तिचा सर्वसाधारण नियम असा की माणसाला आधी जुन्याच जागी परतू द्यावं. कारण उघड आहे. नवं काम, नवे चेहरे, नवी सिस्टिम हाही ताणच. जुन्या कामाची वाट निदान पायाखालची असते.

अपवादही तिथेच मानला आहे: त्रासाचं मूळ त्या जागेतच असेल तर बदली. आणि माझ्या अनुभवात हा अपवाद बराच मोठा आहे. रोज चारचौघांत पाणउतारा करणारा साहेब तसाच बसलेला असेल तर कितीही सुबक टप्पे आखा, तुम्ही माणसाला टप्प्याटप्प्याने त्याच खड्ड्यात उतरवताय. अशा वेळी मी बदलीच सुचवते, आणि बदली कुणाची करायची हा प्रश्नही एकदा मोठ्याने विचारते. उत्तर बहुधा मिळत नाही, पण विचारते.

सोयीची बदली मात्र वेगळी ओळखू येते. 'तुला आराम पडेल' म्हणत माणसाला फायली लावायला बसवलं, तर तो आराम नसतो, त्याला बाजूला टाकलेलं असतं. वीस वर्षं हिशेब सांभाळलेल्या माणसाला ते पहिल्याच दिवशी कळतं. काम कमी करा, पण त्याचंच काम कमी करा.

'आधी पूर्ण बरा हो, मग कामाचं बघू'?

हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं. त्याच्यासमोर दुसरा पर्याय असा: उपचार चालू असतानाच कामावर परतण्याबद्दल बोलायचं, समुपदेशनाच्या खोलीतसुद्धा. नेदरलँड्समध्ये १६८ रजेवरच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन्हींची तुलना आहे. एका गटाला नेहमीची विचार-वर्तन उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी. दुसऱ्याला तीच, पण सुरुवातीपासून कामाभोवती गुंफलेली: परतायला कशाची भीती वाटते, पहिलं कोणतं काम झेपेल, साहेबांशी काय बोलायचं. दुसरा गट सरासरी ६५ दिवस आधी पूर्णपणे कामावर आला. त्रासाची लक्षणं दोन्ही गटांत सारखीच कमी झाली, म्हणजे लवकर परतल्यामुळे तब्येतीचं नुकसान झालं नाही.

यावर उड्या मारण्याआधी, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२० चा आढावा पाहावा. नैराश्य असलेल्या कर्मचाऱ्यांवरचे ४५ अभ्यास, १२ हजारांवर माणसं. उपचार आणि कामातले बदल एकत्र दिले तर वर्षाकाठी आजारपणाच्या रजेचे सरासरी २५ दिवस कमी होतात. पण वर्षाच्या शेवटी कामावर असलेल्या माणसांची संख्या त्यामुळे वाढल्याचं दिसत नाही. लवकर आणणं जमतं. टिकवून ठेवणं अजून जमलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही उपचार आणि कामातले बदल यांची जोडी सुचवली आहे, किंवा नुसते उपचार. पण शिफारस सशर्त आहे, ठासून केलेली नाही. तरी दोन्ही हाताशी असतील तर मी जोडीच निवडेन. पंचवीस दिवस म्हणजे कुणाच्या तरी घरचा महिन्याचा पगार.

याच नेदरलँड्समध्ये २००२ पासूनचा कायदा सांगतो की सहाव्या आठवड्यापर्यंत अडचण काय आहे त्याचं विश्लेषण आणि आठव्यापर्यंत मालक व कर्मचारी दोघांनी मिळून परतीचा आराखडा तयार हवा. आपल्याकडे कायदा असो वा नसो, हे वेळापत्रक उचलण्यासारखं आहे. अर्थात फक्त आराखड्याचं. सहाव्या आठवड्यात माणूस बिछान्यातून उठत नसेल तर बोलणं पुढे ढकला. आणि रजेवर असलेल्या माणसाला कुणी एकानेच फोन करावा, त्याने सांगितलेल्या दिवशी. पाच जणांचे 'कशी आहेस?' आले की फोन बंद होतो.

घरून काम

थोडक्यात: प्रवासाने किंवा गर्दीने पॅनिक होत असेल तर सुरुवातीला वरदान. नैराश्यात मला धास्ती वाटते. कपडे बदलून बाहेर पडणं हाच तिथे अर्धा उपचार असतो, आणि लॅपटॉपमागे माणूस कधी घसरायला लागला ते कुणाला दिसत नाही. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस ठरवूनच द्या.

परतायला नोकरीच उरली नसेल तर

स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारात हे बऱ्याचदा होतं. इथे दोन वाटा आहेत. जुनी वाट: आधी प्रशिक्षण, आश्रित कार्यशाळा (फक्त अशाच लोकांसाठी चालवलेली, बाजारापासून वेगळी कामाची जागा), सराव, आणि 'तयार' झाला की नोकरी. दुसरी वाट अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या दशकात आखली, तिला आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) म्हणतात: आधी खरी, बाजारभावाने पगार देणारी नोकरी शोधा आणि शिकणं तिथेच होऊ द्या. रोजगार-सल्लागार उपचार करणाऱ्या टीममध्येच बसतो, एकावेळी फार तर विसेक माणसं सांभाळतो आणि नोकरी लागल्यावरही मदत सोडत नाही.

२००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात युरोपातल्या सहा केंद्रांमधल्या ३१२ जणांत दोन्ही वाटांची थेट तुलना झाली. आयपीएसच्या गटातल्या ५५ टक्के लोकांनी निदान एक दिवस तरी नोकरी केली, जुन्या पद्धतीत २८ टक्के. 'निदान एक दिवस' हे शब्द विसरू नका. मोजपट्टी तोकडी आहे. पण नोकरीच्या ताणाने आजार बळावेल ही भीती खोटी ठरली: पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण आयपीएस गटातच कमी होतं. इथे माझं मत ठाम आहे. 'तयार' व्हायला पाठवलेली माणसं वर्षानुवर्षं तयारच होत राहतात.

किती सांगायचं?

मॅनेजरला आजाराचं नाव कळण्याची गरज नसते. 'अकरापर्यंत गुंगी असते, सलग तासापेक्षा जास्त मीटिंग झेपत नाही, फोन महिनाभर नको' एवढ्यावर प्लॅन होतो. आजार लपवला तर सवलत मागता येत नाही आणि नाव सांगितलं की प्रत्येक जांभईला आजार चिकटतो. मधली वाट ही. टीमला काय सांगायचं ते वाक्य परतणाऱ्यानेच लिहून द्यावं. मग सगळ्यांनी तेवढंच म्हणावं.

तर मग कोणता?

रजा लहान, त्रास सौम्य: एकदम, पण चौथ्या आठवड्यात एकदा बसून बोला. रजा लांब, जागा चांगली: जुनीच खुर्ची, तास आणि काम दोन्ही कापून, आठ ते बारा आठवडे. जागाच त्रासाचं कारण: आधी जागा बदला, मग टप्पे. फिरती पाळी आणि बायपोलर: पाळी पक्की करा, तासांचं नंतर. आणि काहीच परवडत नसेल, तर निदान मेल चाळून द्या. त्याला पैसे लागत नाहीत.

पहिल्या आठवड्यात सगळेच प्रेमळ असतात. घसरण सुरू होते ती सहाव्या-सातव्या आठवड्यात, जेव्हा लोकांना वाटतं आता झालं की सगळं. माणसालाही तसंच वाटतं आणि कधी कधी तो गोळ्या स्वतःहून बंद करतो, खरं तर नैराश्याच्या गोळ्या बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायच्या असतात. म्हणून सहाव्या आणि बाराव्या आठवड्याच्या भेटीची तारीख मी पहिल्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाकते.

माझ्या तक्त्यात आता सह्यांच्या वर एक जास्तीची ओळ आहे: 'महिन्याचं टार्गेट किती केलं, आणि सिस्टिममध्ये ते कुणी बदललं?' ती भरलेली नसेल तर मी सही करत नाही.