'किन्समेन': दोन सॅक्सोफोनांची डबलबारी

पंपाची मोटार रिवाइंड करताना दुकानात काहीही लावा, पण मोजणी बिघडवणारं लावू नका, हा माझा बावीस वर्षांचा नियम. कॉइलला साठ टर्न, म्हणजे तारेचे वेढे, तर साठच. चार-पाच कमी पडले की मोटार तापते आणि मग गिऱ्हाईक त्याहून जास्त तापतं. रुद्रेश महंतप्पा या अमेरिकन जॅझ सॅक्सोफोन वादकाचा 'किन्समेन' हा अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा सेहेचाळिसाव्या टर्नला माझी मोजणी सुटली. वायर उलगडून पुन्हा घेतली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा शटर अर्ध्यावर ओढलं आणि स्टुलावर गप बसून ऐकलं. म्हणजे पहिली तक्रार इथेच लिहून टाकतो: हा अल्बम काम करता करता ऐकायचा नाही.

मी कुडाळचा. दिवसा मोटारी भरतो, रात्री भजनात पखवाज वाजवतो. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, तीन-चार बुवांच्या मागे बसलोय. जॅझ वगैरे माझ्या घरातलं नाही. सॅक्सोफोन म्हणजे आमच्याकडे लग्नाचा बँड, आणि फार तर गोव्याकडचे वादक. मुंबईच्या जुन्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रांत ब्रास आणि सॅक्सोफोन वाजवणारे बहुतेक गोवेकरच होते, हे आमच्या वडिलांना पाठ होतं. भाचा पुण्याला असतो. तो म्हणाला, "मामा, तुमच्या डबलबारीसारखं काहीतरी मिळालंय, दोघं समोरासमोर." फोनवर ऐकलं आणि सीडी मागवली, कारण फोनच्या स्पीकरवर पखवाजाची धुम ऐकू येत नाही, नुसती टिक् टिक् येते, आणि मला धुम हवी होती.

सीडी परदेशातून यायला महिना लागला. कुरियरवाल्याने मला फोन न करता ती शेजारच्या पानटपरीवर टाकली, आणि टपरीवाल्याने दोन दिवस तिच्यावर चुन्याचा डबा ठेवला. प्लॅस्टिकची पेटी मधोमध तडकलेली, कोपऱ्यात कात. आतली तबकडी शाबूत होती म्हणून भांडलो नाही.

आता अल्बम. २००८ साली न्यूयॉर्कच्या पाय रेकॉर्डिंग्जने काढला. दोन आल्टो सॅक्सोफोन आहेत. एक महंतप्पा: जन्म १९७१, इटलीतल्या ट्रिएस्ट गावात, वाढला अमेरिकेत कोलोराडोमध्ये, आडनाव कानडी. दुसरे कद्री गोपालनाथ: जन्म १९४९, मंगळुरूजवळ बंटवाळ तालुक्यात. म्हणजे आमच्या स्टेशनवरून रोज जी गाडी मंगळुरूला जाते, ती जिथे थांबते तिथले. इतकी वर्षं ती गाडी बघतोय, पण तिच्या शेवटच्या स्टेशनाकडे असा माणूस होऊन गेला हे मला न्यूयॉर्कहून आलेल्या पाकिटातून कळलं.

गोपालनाथांचे वडील नागस्वरम वाजवायचे. आपल्याकडे देवळात सनई, तिकडे नागस्वरम. तेही फुंकायचं, तेही देवासमोर, फक्त अंगाने लांब आणि आवाजाने दणकट. पोरगा म्हैसूरच्या राजवाड्याचा बँड ऐकायला गेला, तिथे त्याने सॅक्सोफोन पाहिला आणि वाट बदलली. कर्नाटक संगीत त्या वाद्यावर बसवायला त्यांना वीसेक वर्षं लागली म्हणतात. मला ते पटतं, आणि का पटतं ते पेटी वाजवणाऱ्याला लगेच कळेल. सॅक्सोफोनला किल्ल्या असतात. किल्ली दाबली की ठरलेला सूर. अॅडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं ते लष्करी बँडात मोठा आणि पक्का आवाज मिळावा म्हणून. सूर हलावेत म्हणून नव्हे. आमच्या पेटीचंही तेच दुखणं. बुवा कितीही जीव तोडून गायला तरी पेटी मींड घेत नाही, सुरावरून सुरावर उडी मारते. गोपालनाथांनी वाद्याच्या किल्ल्यांत बदल करून घेतले आणि बाकीचं ओठ आणि श्वासावर नेलं. या अल्बमवर त्यांचा एकही सूर स्वस्थ उभा नाही. 'सा' लावतानासुद्धा तो थोडा खालून येतो, झोका घेतो आणि मग जागेवर बसतो. नाकातून आल्यासारखा आवाज, सनईला सख्खा. आमची आई ऐंशीच्या पुढची, मागच्या खोलीतून ओरडली, "खयच्या लग्नाचो बँड इलो रे?" मग थोडं थांबून, "नाय, सनय आसा." दोन्ही बरोबर होतं.

महंतप्पाचं उलट. त्याचा आवाज धारदार, कडेला खरवडल्यासारखा, आणि वेग इतका की एकेक सूर मोजायला गेलो तर दम लागतो. त्याला म्हणे शिकत असताना भावाने थट्टा म्हणून गोपालनाथांचीच एक सीडी दिली होती, भारतीय पद्धतीचा सॅक्सोफोन अशा नावाची. थट्टेचा असा निकाल लागतो कधी कधी. पुढे हे दोघं एका स्टेजवर आले आणि मग हा अल्बम झाला.

गोपालनाथांना मात्र जॅझवाले पाहुणे काही नवे नव्हते. १९८० साली मुंबईच्या 'जॅझ यात्रा' या महोत्सवात जॉन हँडी या अमेरिकन सॅक्सोफोन वादकाने त्यांना ऐकलं आणि सोबत वाजवायला स्टेजवर गेला. त्यामुळे 'किन्समेन'मध्ये ते कुठेही परक्या घरात आल्यासारखे वाजत नाहीत. उलट अधूनमधून मला वाटतं, पाहुणा दुसराच आहे.

आता भाच्याच्या डबलबारीबद्दल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डबलबारीत दोन बुवा आपापल्या मंडळींसह समोरासमोर बसतात. एकाची बारी संपली की दुसऱ्याची. रूपाचा अभंग, गजर, गौळण, आणि मध्ये मध्ये समोरच्याला टोमणे. लोक पहाटेपर्यंत बसतात ते टोमण्यांसाठी. कोणता बुवा चढला यावर दुसऱ्या दिवशी तिठ्यावर वाद होतात.

'किन्समेन' सुरू होतो तेव्हा तीच बैठक दिसते. दोन वाद्यं एकाच जातीची, प्रत्येकाची आपली फौज: महंतप्पाकडे रेझ अब्बासीची गिटार, कार्लो डी रोझाचा बेस, रॉयल हार्टिगनचे ड्रम, गोपालनाथांकडे ए. कन्याकुमारींचं व्हायोलिन आणि पूवालूर श्रीजींचं मृदंगम. पण टोमणा नाही. 'गणेशा' या तुकड्यात ही सगळी मंडळी एकच चाल एका तोंडाने म्हणतात, कोरस धरल्यासारखी. मग एकजण सुटतो, आपलं बोलून परततो, दुसरा तिथूनच धागा उचलतो. गोपालनाथ एखादी हरकत गोल वळवून ठेवतात, महंतप्पा तीच उचलून तिला कोपरे काढतो. आपल्याकडे समोरच्या बुवाची चाल उचलली तर ती चिडवायला. इथे ती पुढे न्यायला. चार-पाच वेळा ऐकेपर्यंत मी 'कोण चढला' हेच शोधत होतो. सवय जात नाही.

'कल्याणी' हा तुकडा भजनवाल्यांनी आधी ऐकावा. कर्नाटक संगीतातला कल्याणी राग म्हणजे आपला यमन म्हटलं तरी चालेल. तीव्र मध्यम ओळखीचा असल्यामुळे पाय जमिनीवर राहतात आणि मग भोवती काय चाललंय ते कळायला लागतं. मी 'स्नेक!'पासून सुरुवात केली ती चूक. तिथे लय अशी लवते की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे ठेवलीय ते पहिल्या फेरीत सापडलंच नाही, आणि माझ्या साठ टर्नांचा बळी तिथेच गेला.

मृदंगमबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आमच्या पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. बैठकीआधी भिजवायची, थापायची, वाजवून बघायची, जड झाली तर खरवडायची. पावसाळ्यात ती वेगळी बोलते, मार्गशीर्षात वेगळी. मृदंगमला रवा लावतात. वाद्य पखवाजापेक्षा लहान, पुडी जास्त ताणलेली. त्यामुळे त्याचा 'धुम' आमच्यासारखा जमिनीतून येत नाही, पण डाव्या हाताची टाच पुडीवर सरकवली की त्यातून एक कण्हल्यासारखा आवाज निघतो, चढत जाणारा. श्रीजी तो आवाज नेमका अशा ठिकाणी टाकतात की सॅक्सोफोनचा सूरही त्याच वेळी वर सरकत असतो. दुकानातल्या जुन्या स्पीकरवर हे कळलं नाही. हेडफोन लावल्यावर कळलं, आणि मी ती जागा सहा वेळा मागे नेली. ड्रम सेट आणि मृदंगम एकत्र म्हणजे दोन पखवाज्यांची मारामारी होणार असं वाटलं होतं. हार्टिगन मात्र बहुतेक वेळा झांजेचं काम करतो: कडेने चमक देतो, मधली जागा मोकळी सोडतो. आमच्याकडच्या झांजवाल्यांना सांगायला हवं.

कन्याकुमारींचं व्हायोलिन हा या अल्बममधला सगळ्यात शांत आवाज. मध्ये मध्ये एकेकट्या वादकाचे छोटे आलाप आहेत, त्यातला त्यांचा ऐका. ताल नाही, घाई नाही. त्या गोपालनाथांच्या साथीला अनेक वर्षं बसलेल्या, त्यामुळे ते कुठे श्वास घेणार हे त्यांना आधीच माहीत असतं. साथ करणाऱ्या माणसाला हे ऐकताना जरा लाज वाटते.

दोष आहेत. बेस काही ठिकाणी गर्दीत हरवतो. आलाप फार आखूड. गोपालनाथांना आणखी मोकळं सोडायला हवं होतं. लिखाणाचा बराचसा भार महंतप्पाचा असल्याने काही तुकड्यांत गणित पुढे आणि सूर मागे अशी स्थिती होते. आणि हॉटेलात मंद दिव्यात वाजतो तसा मऊ सॅक्सोफोन हवा असेल तर पैसे घालवू नका, जेवण पचणार नाही.

आवडलाच तर पुढे काय? मी चार घेतले, सगळे डिजिटल, टपरीचा भरवसा नाही म्हणून. 'आप्ती' त्याच वर्षीचा, २००८चा. तिघंच: महंतप्पा, कराचीत जन्मलेला अब्बासी आणि तबल्यावर डॅन वाइस, म्हणून मंडळाचं नाव 'इंडो-पाक कोअलिशन'. बेस नाही, त्यामुळे तबल्याचा डग्गा स्वच्छ ऐकू येतो. वाइस हा गोरा ड्रमर समीर चॅटर्जींकडे तबला शिकला, आणि बोल घासूनपुसून काढतो. माझ्या यादीत 'किन्समेन'खालोखाल हाच. २०१३च्या 'गमक'मध्ये डेव्हिड फियुझिन्स्कीची गिटार आहे. नाव गमक, म्हणजे सूर झुलवणं, पण मला दोनदाच झेपला. २०१५चा 'बर्ड कॉल्स' चार्ली पार्कर या जुन्या जॅझ सॅक्सोफोन वादकाच्या आठवणीत केलेला आहे, आणि पार्कर न ऐकलेल्या माझ्यासारख्याला तो अर्धाच कळतो, हे कबूल. चौथा विजय अय्यरचा 'तीर्थ', २०११: पियानो, प्रसन्नाची गिटार, नितीन मित्तांचा तबला. पावसात, लाईट गेल्यावर, बॅटरीवरच्या स्पीकरवर ऐकायला चांगला. मोटारी भरतानाही चालतो, मोजणी सुटली नाही.

गेल्या आठवड्यात देवळाच्या सभामंडपात तालीम संपल्यावर मी बुवांना 'गणेशा' ऐकवला. बुवा पेटीवर कोपर टेकून ऐकत होते, डोळे मिटलेले. बाकीची पोरं पोह्यांकडे वळली होती. दोन सॅक्सोफोन एकत्र वर चढले तसं बुवांनी बोटांनी पेटीच्या झाकणावर ठेका धरला, चुकला, पुन्हा धरला. संपल्यावर म्हणाले, "तो सनयवालो कोण?"

"कद्री गोपालनाथ. मंगळुरूचे."

"मंगळूर म्हणजे लांब नाय. मानधन किती घेता?"

"गेले ते, बुवा. २०१९च्या ऑक्टोबरात."

बुवा थोडा वेळ काही बोलले नाहीत. पेटीचा भाता बांधला, खण लावला.

"मगे दुसऱ्याक इचार," ते म्हणाले. "पण त्येका आधी सांग, आमची पेटी काळी चारच्या पट्टीत आसा."