सरसकट बंदी की प्रकरणागणिक छाननी?

अमेरिकेत गुन्हा सिद्ध झालेल्या खेळाडूला कॉलेजच्या संघात घ्यायचं की नाही, याला एनसीएएचं, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेचं, एकच देशव्यापी उत्तर नाही. निर्णय मुख्यतः विद्यापीठाचा.

सरसकट बंदीचं ठळक उदाहरण इंडियाना विद्यापीठाचं. २०१७ च्या नियमानुसार लैंगिक किंवा घरगुती हिंसेच्या फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, दोषी ठरलेल्या किंवा कबुली दिलेल्या खेळाडूला तिथे क्रीडा शिष्यवृत्ती, सराव आणि सामने बंद. ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणणाऱ्यालाही, म्हणजे गुन्हा कबूल न करता आरोपाला आव्हान न देणाऱ्यालाही, तेच. फायदा उघड आहे: सामने जिंकायच्या दडपणाखालचा प्रशिक्षक पळवाट काढू शकत नाही. पण चाळणीला भोकं आहेत. सरकारी वकिलाशी तडजोड होऊन फेलनीचा मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा झाला, की कृत्य तेच राहूनही नियम लागू होत नाही, आधीच्या शाळा-कॉलेजने शिस्तभंगाच्या कारवाईत दोषी ठरवलं नसेल तर. थोडक्यात, चांगला वकील परवडणारा सुटू शकतो.

दुसरा मार्ग प्रत्येक प्रकरणाच्या छाननीचा. त्यात कागद मागवले जातात: आरोपपत्र, निकाल, शिक्षा पूर्ण झाल्याचा पुरावा, आधीच्या कॉलेजचा शिस्तभंगाचा अहवाल. एनसीएएच्या धोरणानुसार हिंसक कृत्यांची माहिती खेळाडूने दरवर्षी द्यायची असते. लपवली तर खेळायची पात्रता जाऊ शकते. अडचण वेगळीच: बालगुन्ह्यांच्या नोंदी बहुधा बंद असतात, आणि छाननी करणाऱ्या समितीत क्रीडा विभागाचीच माणसं असली तर निकाल आधीच ठरलेला.

म्हणून हिंसक गुन्ह्यांना बंदी, आणि अमली पदार्थ बाळगणं किंवा किरकोळ चोरी यांना छाननी, ही विभागणी जास्त पटते. मात्र छाननी प्रशिक्षकाच्या हाती नको.