पोर्टफोलिओ परफॉर्मन्स: फंड-शेअर्सचा खरा परतावा दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर

एसआयपी चालू आहे, थोडे शेअर्स आहेत, एखादं पीपीएफ आहे, आणि एकूण परतावा किती पडतोय ते नीट बघायचंय, पण त्यासाठी दरवर्षी सबस्क्रिप्शन नको आणि आपली सगळी होल्डिंग्ज कुठल्यातरी ॲपच्या सर्व्हरवरही नकोत, असं असेल तर पोर्टफोलिओ परफॉर्मन्स नक्की टाकून बघा. ओपन सोर्स आहे, जर्मनीतून सुरू झालेला प्रोजेक्ट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. तुमचा सगळा डेटा तुमच्याच कॉम्प्युटरवर एका फाईलमध्ये राहतो, तिला पासवर्डही लावता येतो.

मला हे आवडलं ते परताव्याच्या हिशोबासाठी. समजा दर महिन्याच्या 1 तारखेला 10,000 ची एसआयपी वर्षभर केली, 1,20,000 गेले, आणि वर्ष संपताना व्हॅल्यू झाली 1,29,600. फायदा 9,600, म्हणजे 8 टक्के, एफडीएवढंच की, असं वाटतं आणि माणूस एसआयपी बंद करतो. पण पहिला हप्ता पूर्ण वर्ष गुंतलेला होता आणि शेवटचा फक्त एक महिना, ते धरून काढलं तर वार्षिक परतावा 15 टक्क्यांच्या आसपास येतो! हाच तो एक्सआयआरआर, इथे तो आयआरआर नावाने दिसतो. त्याच्या शेजारी टीटीडब्ल्यूआरओआर असा एक लांबलचक नावाचा आकडा असतो, तो तुम्ही पैसे कधी टाकले ते बाजूला ठेवून नुसती गुंतवणूक कशी चालली ते सांगतो, त्यामुळे फंड कमी पडला की आपलं टायमिंग चुकलं हे वेगळं कळतं, आणि हे दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. पाहिजे तो इंडेक्स टाकून त्याच्याशी तुलनाही करता येते.

आता आपल्याकडच्या अडचणी. शेअर्सचं सोपं आहे, याहू फायनान्सचा सिम्बॉल टाकायचा, एनएसईला शेवटी डॉट एनएस आणि बीएसईला डॉट बीओ, की भाव येतात. म्युच्युअल फंडांसाठी एमएफएपीआय नावाची फुकट सेवा आहे, तिच्या लिंकमध्ये ॲम्फीचा (फंड कंपन्यांच्या संघटनेचा) स्कीम कोड टाकायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये जेसन (डेटा पाठवायचा एक फॉरमॅट) हा पर्याय निवडून तारीख कुठली आणि एनएव्ही कुठला ते दाखवून द्यायचं. एकदाच करावं लागतं. फक्त कोड घेताना डायरेक्ट की रेग्युलर, ग्रोथ की आयडीसीडब्ल्यू (म्हणजे पूर्वीचा डिव्हिडंड पर्याय) हे नीट बघा, प्रत्येकाचा कोड वेगळा असतो आणि चुकीचा घेतला तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

पीडीएफ वाचून व्यवहार भरायची सोय आहे पण ती मुख्यतः जर्मन आणि युरोपातल्या बँका-ब्रोकर्ससाठी, आपल्याला सीएसव्हीच (एक्सेलमध्ये उघडते तशी साध्या तक्त्याची फाईल) लागते. त्यासाठी कॅसपार्सर नावाचं पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं ओपन सोर्स टूल आहे, कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडून मेलवर जे एकत्रित स्टेटमेंट येतं त्याची पीडीएफ आणि पासवर्ड त्याला दिला की सगळे व्यवहार सीएसव्हीत काढून देतं. जुलै 2020 पासून खरेदीवर 0.005 टक्के स्टॅम्प ड्युटी लागते म्हणून 10,000 च्या हप्त्याला स्टेटमेंटमध्ये 9,999.50 दिसतात आणि ते 50 पैसे वेगळ्या ओळीत, ती ओळ टॅक्स म्हणून भरा, खरेदी म्हणून नको. पायथनची सवय नसेल तर हा भाग थोडा जड जाईल हे खरंय, पण घरात किंवा ओळखीत कॉलेजात जाणारं कोणी असेल तर एका बैठकीत करून देईल.

मराठी नाही, इंग्रजीतच वापरावं लागतं. आणि स्क्रीनवर इतके टॅब आणि चार्ट आहेत की सुरुवातीला गोंधळायला होतं, पहिले काही दिवस फक्त व्यवहारांची यादी आणि परफॉर्मन्स एवढंच उघडा.

दुसरं काही बघायचं असेल तर ग्नूकॅश आहे, 1998 पासूनचं, पण ते मुळात डेबिट-क्रेडिटचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, घरखर्च किंवा छोट्या दुकानासाठी उत्तम, परताव्याच्या विश्लेषणात मात्र कमी पडतं. आणि दोन-तीनच फंड असतील तर लिबरऑफिस कॅल्क पुरे, त्यात एक्सआयआरआर फंक्शन आहेच, गुंतवलेले पैसे वजा चिन्हाने आणि आजची व्हॅल्यू शेवटच्या ओळीत अधिक म्हणून लिहायची. मी तर पोर्टफोलिओ परफॉर्मन्सचे आकडेही कॅल्कमध्ये ताडून बघितले, जुळतात.

माझ्याकडून 5 पैकी 4. एक कापला तो टॅक्ससाठी. फिफोने (आधी घेतलेलं आधी विकलं असं धरून) नफा दाखवतं, पण 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या इक्विटीला त्या दिवसाचा भाव धरायची जी सवलत आहे ती त्याला माहीत नाही, सव्वा लाखापर्यंतचा लाँग टर्म नफा करमुक्त हेही माहीत नाही, तेव्हा रिटर्न भरताना फंडांसाठी कॅसपार्सरचा कॅपिटल गेन्स रिपोर्ट काढा आणि तो सीएला दाखवूनच भरा.