साडेतीन तासांची फेरी आणि गाळलेली पानं

तिकीट लेकीने काढून दिलं, म्हणजे चाळीस डॉलर माझे गेले नाहीत. तरी गुण देताना ते माझेच गेले असं धरलंय. न्यूयॉर्कमधली पायी फेरी, साडेतीन तासांची. विषय: कृष्णवर्णीयांची नागरी हक्क चळवळ आणि समलिंगींचा लढा यांचं एकमेकांशी नातं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे असल्या फेऱ्यांना मी जरा खडूसपणेच जाते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

सुरुवात ख्रिस्टोफर स्ट्रीटवर, स्टोनवॉल इन या समलिंगींच्या बारसमोर. २८ जून १९६९ च्या पहाटेची पोलिसांची धाड आणि नंतरचा उद्रेक गाइडबाईंनी दहा मिनिटांत उरकला. बरंच केलं, तेवढं ऐकूनच लोक आलेले असतात. खरी मजा आली दोन मिनिटांवरच्या ज्युलियस बारमध्ये. २१ एप्रिल १९६६ ला समलिंगींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या मॅटाशीन सोसायटीचे काही तरुण कोट-टाय घालून निघाले. बारमध्ये जायचं, आम्ही समलिंगी आहोत असं सांगायचं आणि पेय मागायचं, एवढाच बेत. नकार मिळाला की तक्रार करता येणार होती. पण आधीच्या दोन ठिकाणी त्यांना मुकाट पेय मिळालं. नकारच मिळेना! अखेर ज्युलियसमध्ये बारमनने ग्लासवर हात ठेवला. त्या क्षणाचा फोटो गाइडबाईंनी नेमका त्याच काउंटरपाशी उभं करून दाखवला. याला नाव पडलं ‘सिप-इन’. त्याच्या सहा वर्षं आधी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या लंच काउंटरवर बसले, तिथून पसरलेल्या ‘सिट-इन’वरून. हत्यार कुणाकडून उसनं घेतलं ते नावातच आहे. या एका थांब्यासाठी पूर्ण गुण.

मग चेल्सीतलं पेन साउथ हे गृहसंकुल. इथे बेयार्ड रस्टिन राहायचा, नागरी हक्क चळवळीतला कृष्णवर्णीय नेता आणि स्वतः समलिंगी. लोकांची घरं आहेत, त्यामुळे सगळं बाहेरूनच, आणि कानातलं यंत्र खरखरत होतं. तरी एक गोष्ट ऐकू आली आणि डोक्यात राहिली: लग्नाची सोय नव्हती, म्हणून १९८२ मध्ये रस्टिनने आपल्या जोडीदाराला, वॉल्टर नेगलला, कायद्याने दत्तक घेतलं. सत्तरीच्या माणसाने, कागदोपत्री नातं असावं म्हणून.

तिथून मेट्रोने हार्लेम. भाडं वेगळं, हे तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. १३० व्या रस्त्यावरच्या १७० नंबरच्या जागेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचं कार्यालय होतं. अडीच लाख माणसं, तयारीला दोन महिनेसुद्धा नाहीत, रिव्हरसाइड चर्चमध्ये बांधलेले जेवणाचे ऐंशी हजार डबे. गाइडबाई रंगात आल्या होत्या. आणि इथेच माझं बिनसलं. आधी एका समाजाने वाट पाडली, मग दुसरा त्या वाटेवरून चालला, असं त्यांनी समजावलं. अहो, मघाशी ज्याच्या घराखाली उभं केलंत तो माणूस कुठल्या समाजातला? दोन्हीकडचाच ना?

हात वर करायची सवय जात नाही, केला. मोर्चाची सगळी आखणी रस्टिनची, मग तो नावाला उपसंचालक का? उत्तर मिळालं, पण फेरी संपल्यावर, मेट्रोच्या जिन्याशी, आम्ही चौघंच उरलो तेव्हा. १९५३ मध्ये पासाडेनात त्याला दोन पुरुषांसोबत पकडून साठ दिवसांची कैद झाली होती. १९६० मध्ये काँग्रेस सदस्य अ‍ॅडम क्लेटन पॉवेलने मार्टिन ल्यूथर किंगला धमकावलं, की रस्टिनशी तुझे संबंध आहेत अशी आवई उठवीन. किंग कचरले, रस्टिनने किंगच्या संघटनेतून राजीनामा दिला. मोर्चाच्या वेळी चळवळीतले दुसरे नेते रॉय विल्किन्स यांना तो प्रमुखपदी नको होता, तेव्हा ज्येष्ठ कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फनी पद स्वतःच्या नावावर घेतलं आणि काम त्याच्याकडे दिलं. सिनेटर स्ट्रॉम थर्मंडने सिनेटमध्ये त्याची अब्रू काढली, तेव्हा मात्र रँडॉल्फ मागे सरले नाहीत.

चौघांतले एक वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थ एवढंच म्हणाले, की तरुणपणी समलिंगींच्या बारमध्येही दारावर त्यांनाच जास्तीचं ओळखपत्र मागायचे. गाइडबाई गप्प झाल्या, मग वहीत काहीतरी लिहून घेतलं. ही वीस मिनिटं तिकिटात धरलेली नाहीत, आणि माझ्या लेखी तीच फेरी होती. ठाऊक सगळं आहे बाईंना. वरून सांगितलंय गोड बोलायला, असा माझा संशय.

पाचपैकी साडेतीन. अर्धा कानातल्या यंत्राने घालवला, एक हार्लेमच्या गाळीव इतिहासाने. सकाळची वेळ घ्या, बूट जुने घाला, आणि स्वच्छतागृहाचं काम ज्युलियसमध्येच उरका. पुढे थेट हार्लेमपर्यंत सोय नाही.